मुकी धार

“स्टोव्ह आणि पोरगं, दोन्ही एका पाठीवर कसं बसणार?” मी विचारलं.

“पोरगं पाठीवर, स्टोव्ह पोटावर,” श्रीरंग म्हणाले आणि त्यांनी खरंच तसं केलं. सॅक छातीशी अडकवली आणि निनादला जुन्या सुती साडीची झोळी करून पाठीशी बांधून टाकलं. एसटी आम्हाला शेवटच्या गावाच्या फाट्यावर सोडून केव्हाच परत वळली होती. “तू फक्त ऋजूचं बघ.”

ऋजूचं बघ. म्हणायला किती सोपं! ऋजू फाट्यावरच्या दगडावर बसून माझ्याकडे बघत होती. आपल्या गावाला न जाणाऱ्या गाडीकडे माणूस बघतो, तशी. तेव्हा ती सात वर्षांची होती.

आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. श्रीरंगांचं हे दुसरं लग्न. मुलांची आई, वृंदा, दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. निनाद तेव्हा वर्षाचाच होता. त्याने मला आठवड्याभरात आई म्हणायला सुरुवात केली, कारण आपल्याला जेवायला कोण घालतं एवढंच त्याला बघायचं होतं. ऋजूचं तसं नव्हतं. ती माझ्याशी बोलायचीच नाही. मी ताटाशेजारी बसलेली असले तरी म्हणायची, “बाबा, त्यांना सांग, वरणात गूळ घालतात.” आमच्या सोलापूरकडे नाही घालत. मी घालायला लागले. मग म्हणाली, “बाबा, त्यांना सांग, एवढा नाही घालत.”

नणंदबाईंनी यावर तोड काढली होती. दसऱ्यापर्यंत बघायचं, नाहीच जमलं तर ऋजूला पुण्याला त्यांच्याकडे ठेवायचं. सगळे माझ्या सोयीसाठीच बोलत होते. माझ्यामुळे एका मुलीने स्वतःचं घर सोडायचं? मला ते नको होतं. पण काय केलं म्हणजे ते टळेल, हे मला कळत नव्हतं.

श्रीरंग शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं म्हणणं, डोंगरात माणसं आपोआप जवळ येतात, आणि तेही फुकटात. हॉटेल नको, गाइड नको, शाळेच्या ओसरीवर झोपायचं, आपला शिधा आपण रांधायचा. वृंदा असताना ते दोघं ऋजूला घेऊन असेच हिंडायचे. मी मात्र सपाट मुलखातली. आमच्याकडे उंच म्हणजे पाटबंधाऱ्याचा बांध. मला साडीत चढता येणार नाही म्हणून श्रीरंगांची जुनी तपकिरी पँट सुतळीने कमरेला बांधून मी निघाले होते. फाट्यावरून गावात शिरताना बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ऋजूही हसली असावी, कारण तिने मान वळवली.

वाटेत श्रीरंग सांगत होते. “नाळेच्या डावीकडून वर गेलं की माची. माचीवरून सोंड धरायची. सोंडेच्या उजव्या अंगाला कडा आहे, तिकडे नाही जायचं.”

“आपल्या उजव्या की डोंगराच्या?”

“डोंगराच्या.”

डोंगराला डावं-उजवं असतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते आपल्या डाव्या-उजव्याशी जुळत नाही हेही कळलं. नाळ, माची, सोंड, धार. मी प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. ऋजू माझ्याकडे बघत होती. तिला कळत होतं की मला काही कळत नाहीये.

शाळेच्या ओसरीवर रात्र काढली. सकाळी शेजारच्या घरातून चिमाबाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, कडेवर तान्हं मूल, मागे आणखी पोरं. त्यांनी आमच्या दोन छत्र्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

“डोंगरावर छत्र्या? आवो ताई, तुम्हाला घिऊन उडंल की ती!”

मग त्यांनी घरातून खताच्या रिकाम्या पांढऱ्या पिशव्या आणल्या. पिशवीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यापासून गुडघ्यापर्यंत टोपीसारखी खोळ होते. भात लावताना त्या बाजूची माणसं तीच घालतात. आम्हाला एकेक खोळ मिळाली. चिमाबाईंनी स्वतः घातली, त्यांच्या पोरांनी घातली. ओसरीवर उभी राहून मी बघितलं तर सगळी माणसं एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती. निनाद तेवढा ओळखू येत होता, कारण तो झोळीत होता.

“श्रावणातला शुक्रवार हाय,” चिमाबाई म्हणाल्या. “आमीबी निघालोय देवीला. चला संगं. पर ऱ्हीत ठावं हाय का?”

आम्हाला ठाऊक नव्हतं. श्रीरंग पूर्वी आले होते ते उन्हाळ्यात, किल्ला बघायला. चिमाबाईंनी सांगितलं. धारेच्या अलीकडे हिरड्याचं झाड आहे. तिथे चपला काढायच्या. तिथून पुढे एक शब्द बोलायचा नाही, देवळातली घंटा आपल्या हाताने वाजवीपर्यंत. देवी झोपलेली असते. मागे बघायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, आपल्या पायाकडे बघून चालायचं आणि लहान पोरांचा हात धरायचा. “मुकी धार म्हंत्यात तिला. जो मुक्यानं जाईल त्यानं घंटा वाजवून काय मागितलं, की देवी देती.”

“हे दम राखण्यासाठी असणार,” श्रीरंग म्हणाले. “चढावर बोललं की धाप लागते. किंवा मग...”

“काहीही देते?”

हा प्रश्न ऋजूचा होता. थेट चिमाबाईंना. मध्ये बाबा नाहीत, कुणी नाही. मला चिमाबाईंचा हेवा वाटला.

“कायबी,” चिमाबाई म्हणाल्या.

“परत परत देते?”

“पयल्या बारीलाच. रोज कुणाकुणाला देत बसंल ती?”

ऋजूने मान डोलावली आणि तिथूनच बोलणं बंद केलं. हिरडा अजून डोंगराच्या पोटात कुठेतरी होता. मी म्हटलं, “ऋजू, पोहे खाऊन घे.” तिने ओठ घट्ट मिटून पोहे घेतले. श्रीरंगांनी विचारलं, “पाणी हवं?” तिने मान हलवली. नेहमी ती माझ्याशी बोलत नसे, आता कुणाशीच बोलेना. हे बरं की वाईट, मला काही ठरवता येईना.

चढताना माझी काय गत झाली ती सांगत नाही. नाळ म्हणजे दगडांची उतरंड निघाली, आणि तिच्यातून पाणी वाहत होतं. चिमाबाई तान्हं कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी घेऊन, गप्पा मारत वर जात होत्या. मी चारी पायांवर होते. ऋजू माझ्या पुढे दोन दगड, कधी मागे दोन दगड. मी हात पुढे केला की ती दुसऱ्या बाजूने चढून जायची. तिला माझ्या हाताची गरज नव्हती. उलट मलाच कुणाचा तरी हात हवा होता.

माचीच्या सपाटीवर पोचलो तेव्हा ढग खाली आला होता. समोर दहा पावलांवरचा माणूस दिसेना. हिरड्याखाली बरीच माणसं जमली होती. कोण चपला काढतंय, कोण त्या बुंध्याशी दगडाने दाबून ठेवतंय, एक म्हातारी पोरांच्या ओठांवर बोट ठेवत फिरतेय. सगळीकडे पांढऱ्या खोळी, खाली उघडे पाय. श्रीरंग निनादला घेऊन पुढे झाले, कारण तो झोपला होता आणि तो झोपेत आहे तोवरच गप्प राहील अशी त्यांना खात्री होती. जाताना त्यांनी मला खूण केली. ऋजूचं बघ.

मी बूट काढायला वाकले. ओल्या नाड्यांची गाठ सुटेना. उठले तेव्हा आजूबाजूला कमरेएवढ्या तीन-चार खोळी उभ्या होत्या. पुढची माणसं चालू लागली होती. मी ऋजू मघाशी उभी होती त्या बाजूला, मागे, हात लांबवला. उगाचच. नेहमीसारखा.

आणि एक लहानसा गार हात माझ्या हातात आला.

मी चालायला लागले. तो हात सुटला नाही. उलट बोटं माझ्या बोटांत घट्ट बसली. मी मागे बघितलं नाही. बघायचं नाही ही रीत होती हे खरं, पण रीत नसती तरी मी बघितलं नसतं. मी बघितलं आणि तिने हात काढून घेतला तर? चार महिने मी ज्याची वाट बघत होते ते चिमाबाईंच्या देवीने मागण्याआधीच दिलं होतं. घंटा वाजवल्यावर मागायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

धार म्हणजे डोंगराची पाठ. दोन्ही अंगांनी उतरती, मधून एका माणसापुरती वाट. ढगात खालचं काही दिसत नव्हतं, म्हणून भीतीही वाटत नव्हती. पायाखालचा गारगार कातळ, वारा, आणि तो हात. एका ठिकाणी पायरी उंच होती. मी वर चढून हात ओढला, तर ती माझ्या पोटाला येऊन टेकली आणि क्षणभर तशीच राहिली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पाऊसही होता, त्यामुळे कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

देऊळ आलं. चार दगडी खांब, वर पत्रा, आणि खांबाला टांगलेली घंटा. श्रीरंग एका बाजूला उभे होते. मी आधी घंटा वाजवली आणि मग मुलीला दोन्ही हातांनी उचलून धरलं. तिने घंटेला हात घातला, वाऱ्याने खोळ मागे पडली, घंटा ठणकन वाजली.

“मला खोबरं,” ती म्हणाली.

ती ऋजू नव्हती.

मी तिला तशीच अधांतरी धरून उभी राहिले. गोल चेहरा, नाकात चमकी, कपाळावर ओघळलेलं कुंकू. ती माझ्याकडे अगदी निवांत बघत होती. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की ऋजू ओळखू येईनाशी कशी काय झाली? खरंच असं आलं. दुसऱ्यांदा आलं, की मीच चुकून दुसऱ्या कुटुंबात आले आहे. मग श्रीरंगांचा आवाज आला.

“ही कोण?”

“ही... मला काय माहीत!”

“ऋजू कुठाय?”

“तुमच्याबरोबर नाही?”

“अगं, तू आणलंस ना तिला?”

“मी हिला आणलं!” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आणलेली मुलगी हातात होती. “ए बाळ, तू कुणाची गं?”

“चिमाची तुळसा.”

“मग माझा हात का धरलास?”

“तुमीच तर फुडं केला,” ती म्हणाली. थोडा विचार करून पुढे म्हणाली, “आन् ऊन व्हता.”

तिला खाली ठेवलं आणि देवळामागे जाऊन बघितलं. नाही. खांबाआड बघितलं. नाही. ढगातून एकेक खोळ वर येत होती. मी प्रत्येकीच्या टोपीत वाकून बघत होते, ती माणसं दचकत होती आणि रागाने बघत होती, पण बोलत कुणीच नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं. देवळातल्या म्हाताऱ्या गुरवाने चटकन माझं मनगट धरलं.

“आरडू नका, बाई. धारेवर मानसं हायती. दचाकलं कुनी तर पाय जाईल.”

म्हणजे त्या मुकेपणामागे हे कारण होतं. श्रीरंगांचं दम राखण्याचं कारण चुकलं होतं. पण ते मला बजावायची ती वेळ नव्हती. “तुम्ही इथेच थांबा, ह्या दोघांना सोडू नका,” मी म्हणाले, आणि आल्या वाटेने खाली निघाले.

येणाऱ्यांना जागा द्यायची म्हणजे वाटेच्या कडेला सरायचं. मी सरत होते, वाकून बघत होते, पुन्हा वाटेवर येत होते. एक खोळ. दुसरी खोळ. एका मुलाने मला बघून भोकाड पसरलं आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात दाबला. आपण किती आलो, किती राहिलं, काही समजेना. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. कातळ संपून गवत लागलं. येताना गवत लागलं होतं का? मला आठवेना. येताना मी पायाकडे बघायचं ते सोडून हातातल्या हाताचंच कौतुक करत आले होते. डोंगराचं उजवं अंग आता माझ्या कुठल्या अंगाला? चढताना एक, उतरताना दुसरं. मी थांबून हाताने हिशेब केला आणि तो उलटासुलटा झाला. हिरडा कुठे असेल? ती तिथेच झाडाखाली बसून राहिली असेल का? तिला वाटलं असेल, ह्यांना मी नकोच होते? गवतातून एक पुसट वाट जात होती. मी त्या वाटेने चालू लागले.

“तिकडे नको!”

ढगातून आवाज आला. बारीक, चिरका.

“अगं, तिकडे नको! कडा आहे! थांब ना!”

मी थांबले. माझ्या पावलापुढचा एक दगड निसटला आणि गवतातून घरंगळत गेला. तो कुठे पडल्याचा आवाज मी ऐकायला गेले, तर बराच वेळ आवाजच आला नाही. मग कुठेतरी खूप खाली टक्क झालं. मी होते तिथेच बसले.

मागून खसफस झाली. चिमाबाई तान्ह्याला छातीशी धरून आल्या आणि त्यांच्या पुढे एक खोळ धावत आली. टोपी मागे उडालेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि रडून तोंड लाल झालेलं. ऋजू.

मी हात पसरले. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती भयंकर चिडली होती.

“तू माझा हात ओळखला नाहीस?”

मी पसरलेले हात खाली घेतले.

“दुसऱ्याच मुलीला घेऊन गेलीस! मी तुझ्या मागेच होते. मी बघत होते. तू तिचा हात धरलास आणि निघूनच गेलीस. मला बोलायचं नव्हतं ना! आणि ह्या काकूंनी मला धरलं. मी हात ओढला तर चापट मारली मला.”

“आवो मला काय म्हाईत!” चिमाबाई म्हणाल्या. त्यांचाही गोंधळ उडाला होता. “मला वाटलं तुळसाच वळवळ करतीया. बग न्हाय म्हनून मीच सांगितलेलं, मंग मी तरी कशी बगू? आन् माजी तुळसा कुटं हाय?”

“वर आहे. खोबरं खातेय,” मी म्हणाले.

चिमाबाई मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. ऋजूला हसू आलं नाही. ती माझ्या उत्तरासाठी उभी होती.

“मला कसं कळलं तू आहेस ते?” मी वेळ काढत विचारलं. “म्हणजे, तुला कसं कळलं मी आहे ते? ढगात?”

“बाबांची पँट,” ती म्हणाली. “पण तू मला का नाही ओळखलंस?”

मग मी खरं तेच सांगितलं. “तुझा हात मी कधी धरलाच नाही, ऋजू. चार महिन्यांत एकदाही नाही. मग तो कसा असतो, हे मला कसं कळणार?”

तिच्या बाबांसारखीच, कुणाचं म्हणणं पटण्यासारखं असलं की तिला पुढे भांडता येत नसे. तिने उजवा हात माझ्या तोंडासमोर धरला.

“हा असा असतो. इथे अंगठ्याजवळ भाजलेलं आहे. फुलबाजीने. ते ध्यानात ठेव.”

मी तो हात दोन्ही हातांत घेऊन नीट बघितला. भाजल्याचा डाग होता. नखं कुरतडलेली होती. तळवा तुळसाच्या तळव्यापेक्षा अरुंद होता, आणि खूप गार.

“आता माझं मागणं गेलं,” ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. पण आता रागाने नाही. “घंटेच्या आधी बोलले मी.”

“देवीला समदं कळतंय, पोरी,” चिमाबाई म्हणाल्या. “जिवासाठी बोललीस.”

“नाही. पहिल्यांदाच देते. तुम्हीच म्हणालात.”

आम्ही वर गेलो. चिमाबाईंनी तुळसाला आधी एक धपाटा घातला आणि मग तिचे मुके घेतले. श्रीरंगांनी ऋजूला उचललं, मला काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं. दोघांनाही एकमेकांचं कळलं नाही. ऋजूने घंटा वाजवली नाही. आता काय उपयोग, म्हणाली.

उतरताना ती माझा हात धरून होती. मला राहवेना.

“काय मागणार होतीस गं?”

ती पायाखालचे दगड बघत उतरत राहिली.

“मला सांग तर. माझ्या हातातलं असेल तर मीच देईन. देवीच कशाला हवी?”

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की माझा पाय दगडावरून सरकला आणि तिनेच मला सावरलं.

“नको आता,” ती म्हणाली.

मला वाटलं बाहुली असेल, सायकल असेल. मग वाटलं, वृंदा परत यावी असं मागणार असेल, आणि मी देईन म्हणून किती मूर्खासारखं बोलून बसले. त्या विचाराने मी पुढे कित्येक दिवस स्वतःवरच चरफडत होते. विचारायची हिंमत मात्र पुन्हा झाली नाही.

दसरा आला. नणंदबाई आल्या आणि जेवताना त्यांनी विषय काढला. ऋजू त्यांच्या अगदी शेजारी बसली होती. तिने वरणभात कालवत माझ्याकडे बघितलं. “आई, आत्याला सांग, मला नाही यायचं.”

मी आत्याला सांगितलं.

पुढे आम्ही पुष्कळ डोंगर हिंडलो. मला डोंगराचं डावं-उजवं अजूनही येत नाही, पण बाकी सगळं यायला लागलं. मुक्या धारेवर मात्र बरीच वर्षं पुन्हा जाणं झालं नाही. कधी मुद्दाम टाळलं असंही नाही. मुलं मोठी झाली, निनाद परदेशी गेला, ऋजूचं लग्न झालं. तिला चांगली नोकरी आहे, पण स्वभाव बापाचाच. अजूनही शिधा बांधून घेऊन जाते आणि शाळेच्या ओसरीवर झोपते.

गेल्या श्रावणात ती म्हणाली, “आई, शर्वरीला घेऊन जाऊ या. गुडघे चालतील का तुझे?” शर्वरी तिची मुलगी, सहा वर्षांची. गुडघे चालण्यासारखे नव्हते, तरी मी चालतील म्हणाले. श्रीरंग खाली ओसरीवर नकाशा पसरून बसले आणि आम्ही तिघी निघालो. खताच्या पिशव्यांची खोळ आता कुणी घालत नाही. शर्वरीचा रेनकोट केशरी होता. ढगातून कोसभरावरून दिसावा असा. तो ऋजूने मुद्दाम तसाच आणला होता.

हिरड्याखाली आम्ही चपला काढल्या. तीच गर्दी, तोच ढग. ऋजूने शर्वरीचा हात धरला, दुसरा हात माझ्यापुढे केला आणि थांबली.

“तेव्हा मी काय मागणार होते, माहितेय?”

“नाही,” मी म्हणाले. “तुझी आई?”

“ते देता येत नाही, एवढं कळत होतं मला.” ती आपल्या पायांकडे बघत होती. “तू निघून जावंस, हे मागणार होते. सकाळपासून तेच घोकत होते. आणि मग काकूंचा हात धरून वर येताना बघितलं, तर तू एकटीच कड्याकडे निघालेली. मला वाटलं, मी अजून मागितलंसुद्धा नाही आणि देवी द्यायलाच लागली. म्हणून ओरडले.”

मी तोंड उघडलं. तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं, हात धरला आणि धारेवर पाऊल टाकलं.

घंटा वाजेपर्यंत मला एक अक्षर बोलता येणार नव्हतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. अंगठ्याजवळचा तो डाग माझ्या बोटाला लागत होता.